केडगावचे मुक्ती मिशन: सेवा, धर्मप्रसार आणि आजच्या देणगीदाराचा प्रश्न

टिपणवही (प्रश्न)

आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळाकडे वर्षाअखेरीस थोडी रक्कम शिल्लक राहते आणि ती एखाद्या सामाजिक संस्थेला देण्याचा रिवाज आहे. यंदा एका सभासदांनी देहविक्रयाच्या वस्तीतील मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेचे नाव सुचवले आणि बैठकीचा सूरच बदलला. अशा संस्थांमध्ये सेवा हे निमित्त असते आणि धर्मांतर हा हेतू असतो, असे काहींचे म्हणणे पडले. त्यावर दुसऱ्या बाजूने पंडिता रमाबाईंचे नाव पुढे आले आणि केडगावच्या मुक्ती मिशनने आसरा दिला नसता तर दुष्काळातल्या त्या मुलींचे काय झाले असते, असा प्रतिप्रश्न विचारला गेला. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या आणि पुढच्या बैठकीसाठी टिपण तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

रमाबाईंविषयी मला सर्वसाधारण वाचकाला असते तेवढीच माहिती आहे. मुंबईत सुरू झालेले शारदा सदन, पुण्यात उसळलेला वाद आणि नंतरचे केडगाव हे टप्पे ठाऊक आहेत. परंतु धर्माच्या बाबतीत तटस्थ म्हणून उघडलेली संस्था उघडपणे ख्रिस्ती मिशन कशी झाली, त्या मुलींना निवडीची काही संधी होती का आणि शोषणातून सुटून आलेल्या स्त्रियांना तेथे नेमके काय मिळाले, याची सलग मांडणी मला करता येत नाही. आजच्या संस्थेला देणगी द्यायची की नाही हे ठरवताना त्या इतिहासाचा खरोखर किती उपयोग आहे, हेही जाणकारांनी सांगावे. रमाबाईंचे स्तवन किंवा त्यांच्यावरचे आरोपपत्र, दोन्ही मला नको आहे. बैठकीत दोन्ही ऐकून झाले आहे.

जुनेदप्तर

रमाबाईंच्या संस्थात्मक कार्याचे दोन कालखंड आहेत आणि ते एकत्र केले की टिपणात हमखास गोंधळ होतो, म्हणून आधी ते वेगळे करतो. (शिवाय केडगाव म्हणजे अहिल्यानगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. ही चूक छापील लेखांतही आढळते.)

पहिला कालखंड शारदा सदनाचा. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता आणि ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत होती. पुढे त्या अमेरिकेत गेल्या. तेथे डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि भारतातील उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे पैसे पुरवण्याचे तिने मान्य केले. या मंडळात निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, हे सूत्र त्यांनी स्वीकारले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. मुलींना आपापले जातीचे आणि सोवळ्याओवळ्याचे आचार पाळण्याची मुभा होती. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

वादाचे मूळ तसे लहान होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते, पण उठवूनही लावले नाही. 'केसरी'ने हा विषय लावून धरला, सल्लागारांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाने मात्र आपला पाठिंबा काढला नाही. माझ्या मते येथे दोन्ही बाजूंनी एकाच आश्वासनाचे दोन अर्थ धरले होते. आपल्या मुलीवर ख्रिस्ती धर्माची सावलीही पडणार नाही, असे पालक समजत होते. कोणावर सक्ती करणार नाही आणि कोणाला अडवणारही नाही, एवढेच आपण कबूल केले आहे असे रमाबाई मानत होत्या. कराराच्या भाषेत रमाबाईंची बाजू टिकते. ज्या समाजात विधवा मुलीला घराबाहेर पाठवणे हेच मोठे धाडस होते, त्या समाजातील बापाला मात्र फसवल्यासारखे वाटले असेल, तर त्यात त्याचा फार दोष नाही.

दुसरा कालखंड दुष्काळाचा, आणि माझ्या मते टिपणाचा खरा विषय तोच आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेले होते. भुकेने माणसाचे काय होते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मदतकेंद्रांत आणि अनाथ-अपंगांसाठी उघडलेल्या छावण्यांत त्यांनी केवळ उपासमार पाहिली नाही. एकट्या पडलेल्या मुली आणि तरुण विधवा हेरून त्यांना कुंटणखान्यांकडे नेणारी माणसे तेथे वावरत होती, आणि ज्यांच्यावर देखरेखीची जबाबदारी होती त्यांच्यापैकीही काहींपासून मुलींना धोका होता, हे त्यांनी त्याच काळात लिहून प्रसिद्ध केले. तीनशे मुली आणण्याचा त्यांनी निश्चय केला. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुली ठेवता येईनात, म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मिशनची सुरुवात अशी मोकळ्या माळावर झाली.

पुढे १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभे राहिले. बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षे तेव्हा संपली होती आणि केडगावची संस्था पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालली. तेथे तटस्थतेचा दावा नव्हता आणि त्यामुळे त्याचा भंगही नव्हता. १८९९-१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. समाजाच्या दृष्टीने 'पतित' ठरलेल्या, शोषणातून सुटलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग निघाला. वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी, अंध मुलींसाठी, मुलग्यांसाठी वेगळी सदने झाली. शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. मुक्तीत शेतकरी, कारागीर आणि त्यांहून खालच्या समजल्या गेलेल्या जातींच्या मुली आल्या आणि एका पंगतीत जेवू लागल्या. धर्मांतराच्या वादात हा बदल झाकला जातो, तो टिपणात अवश्य यावा.

तेथे काय मिळाले, याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर काम. शेती, गुरे आणि दूधदुभते, हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई आणि छापखाना, हे सारे स्त्रिया चालवीत. त्यांतला छापखाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवण्याचे काम पाहिले आहे त्यांना कल्पना येईल की देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, रफार, जोडाक्षरांचे तुकडे असे शेकडो खण असलेल्या पेट्यांपुढे उभे राहून, उलट्या दिसणाऱ्या ओळी बोटांनी वेचून स्टिकमध्ये (ओळ जुळवण्याच्या हातातल्या पट्टीत) बसवाव्या लागतात. वाचन पक्के असल्याशिवाय हे काम होतच नाही. काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेल्या मुली तेथे मजकूर जुळवीत, मुद्रिते तपासत, छापत आणि बांधणीही करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात तयार झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

साधासवाल

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात मूळ आक्षेपाला बगल दिली गेली आहे असे मला वाटते. सक्ती झाली का, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. उपाशी आठ-दहा वर्षांच्या मुलीला जो अन्न देतो, कपडे देतो, अक्षर शिकवतो आणि रोज प्रार्थनेला बसवतो, त्याचा धर्म ती स्वीकारते तेव्हा तिच्यावर कोणी हात उगारलेला नसतो, हे मान्य. पण तिने निवड केली, असे म्हणायलाही जागा नसते. कारण तिच्यासमोर दुसरे काही नसते. चोहोबाजूंनी कुंपण असलेल्या एकाच आवारात जेवण, काम, शाळा आणि देव हे सगळे एकाच हाताने मिळत असेल, तर त्या हाताला नाही म्हणणे लहान मुलाच्या आवाक्यातले नाही.

१९०५ मध्ये केडगावात जे 'पुनरुज्जीवन' झाले त्याचा उल्लेख वर नाही. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत होत्या, रडत होत्या, आपल्या पापांची कबुली देत होत्या आणि ख्रिस्ती जगात या घटनेचा मोठा गौरव झाला. पेंटेकोस्टल चळवळीच्या (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीच्या) इतिहासात तिला आजही मानाचे स्थान आहे. ज्यांनी दुष्काळात आईबाप गमावले, ज्यांच्यापैकी काहींवर अत्याचार झाले होते, अशा मुलींनी पापाची कबुली द्यावी हे वाचताना मला अस्वस्थ व्हायला होते. कोणाचे पाप? रमाबाईंच्या हेतूविषयी मला शंका नाही. या प्रकाराकडे मुलीच्या बाजूने पाहण्याची सवय मात्र मिशनच्या लेखनात दिसत नाही.

दुसरे असे की, मिशन नसते तर काहीच नसते, हे गृहीतक बरोबर नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. पंढरपुरास १८७५ पासून प्रार्थना समाजाच्या लोकांनी चालवलेले बालकाश्रमाचे काम होते. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली, विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, मुलींना देवाला वाहून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. यांपैकी कोणीही आश्रयाच्या बदल्यात देव बदलायला लावला नाही.

जुनेदप्तर

१९०५ चा उल्लेख राहिला, ही उणीव मान्य आहे, आणि त्यासंबंधी आपण मांडलेली अस्वस्थता मलाही योग्य वाटते. पर्यायांच्या यादीबाबत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. कर्व्यांचा आश्रम त्या काळी ब्राह्मण विधवांसाठी होता, फुल्यांचे गृह अडचणीत सापडलेल्या गरोदर विधवांसाठी होते आणि शिंद्यांचे मिशन निघाले तेव्हा दोन्ही मोठे दुष्काळ होऊन गेले होते. १८९७ साली मध्य प्रांतातील छावणीत बसलेल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीला यांपैकी कोणतेच दार उघडे नव्हते. तिच्यापुढचे खरे पर्याय केडगाव, दुसरे एखादे मिशन, सरकारी छावणी किंवा दलाल हेच होते. यामुळे आपला निवडीसंबंधीचा मुद्दा खोटा ठरत नाही, पण पर्याय शिल्लक न ठेवल्याचा दोष एकट्या मिशनवर टाकता येत नाही. त्यात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे.

शेवगावचा

मी मराठी ख्रिस्ती घरातला आहे आणि आमचे मूळ अशाच एका दुष्काळात आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. माझी पणजी एका मिशनच्या अनाथगृहात वाढली. तिचे नाव तेथे ठेवलेले. गाव, आडनाव, जात यांपैकी कशाचीही नोंद नाही. लग्नकार्यात इतरांच्या घरी माहेरची माणसे, मामाकडचे मानपान यांची चर्चा होते, तेव्हा आमच्या घरी त्या बाजूची वंशावळ पणजीपाशी येऊन थांबते. तिचे माहेर म्हणजे ते अनाथगृह. ती मात्र शिकली, शिक्षिका झाली आणि तिच्या मुली मॅट्रिकपर्यंत गेल्या. या दोन गोष्टींची वजाबाकी करून काय उरते ते मला सांगता येत नाही आणि बाहेरच्या माणसाने ती परस्पर करून टाकली की राग येतो, मग तो स्तुती करणारा असो की टीका करणारा.

साधासवाल यांनी मुलीच्या बाजूने पाहावे असे म्हटले, ते मला पटते. पण मुलगी पुढे मोठी होते, हेही लक्षात घ्यावे. पोटासाठी बाटले, हा टोमणा आमच्या तीन पिढ्यांनी ऐकला. पणजीने वयाच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी आपल्या श्रद्धेविषयी स्वतः काय ठरवले असेल, याचा विचार तो टोमणा मारणाऱ्याने कधी केला नाही. दुष्काळ संपला, पोट भरले, नोकरी लागली, तरी लोक त्या श्रद्धेला धरून राहिले, आणि समाजाची नाराजी सोसून राहिले. तिला लहानपणी कोणी विचारले नव्हते, हे खरेच. पण मग आपल्यापैकी कोणाला विचारले होते?

रमाबाईंविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या मिशनऱ्यांच्या हातातले बाहुले नव्हत्या. वाँटेजच्या मठातील ख्रिस्ती भगिनींशी आणि तेथील धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे अखंड वाद आहे. कोणत्या सिद्धांतावर विश्वास ठेवायचा हे आपली बुद्धी ठरवील, चर्चचा अधिकारी नव्हे, असा त्यांचा पवित्रा होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि पांढरे लुगडे नेसत राहिल्या. त्यांच्या धर्मांतरावर पुण्यात गदारोळ झाला तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली होती, हेही नोंदवावे. बायबलची भाषा सोपी असावी, हा त्यांचा आग्रह विद्वत्तेच्या अभावातून आलेला नव्हता. संस्कृत मुखोद्गत असलेल्या या बाईंना, नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या स्त्रीला कळेल असे पुस्तक हवे होते.

टिपणवही

सर्वांचे आभार. इतिहासाची बाजू आता बरीच स्पष्ट झाली. माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र शिल्लक आहे. आजची संस्था १८९७ च्या परिस्थितीत काम करीत नाही; आज कायदा आहे, शासन आहे. मग देणगी देण्यापूर्वी आम्ही नेमके काय पाहावे? संस्था ख्रिस्ती आहे, एवढ्यावरून होकार किंवा नकार देणे मला पटत नाही, पण मग निकष कोणता?

फिरतीवर

मी बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करते आणि हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम तसेच कोणत्याही धर्माशी संबंध नसलेल्या अशा सर्व प्रकारच्या संस्थांमध्ये माझे जाणेयेणे आहे. रमाबाईंच्या काळात आणि आजच्यात सर्वांत मोठा फरक असा की, मूल आता संस्थेचे नसते. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, त्याला कोठे ठेवायचे हे समिती ठरवते आणि मुले ठेवणाऱ्या संस्थेला त्याच कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा पहिली विचारणा नोंदणी प्रमाणपत्राची करावी आणि दुसरी, प्रत्येक मुलामागे समितीचा आदेश आहे का याची. 'आमचे साधे वसतिगृह आहे, आम्हाला ते लागू होत नाही,' असे उत्तर आले तर तेथेच थांबून अधिक चौकशी करावी. उत्तर देणाऱ्याचा धर्म कोणता, याने त्यात फरक पडत नाही.

मुलाच्या सामाजिक तपासणी अहवालाच्या छापील नमुन्यात धर्माचा रकाना असतो. मी भेट देते तेव्हा तो रकाना आणि मुलाचे प्रत्यक्ष आयुष्य ताडून पाहते. नाव तेच आहे का, शाळेच्या दाखल्यावर काही बदलले आहे का, रविवारच्या प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाला त्या वेळात काय करायला मिळते. शेवटचा प्रश्न मी नेहमी मुलांना विचारते, अधीक्षकांना विचारत नाही. एका ठिकाणी मुलांनी सांगितले की प्रार्थनेला नको असेल तर अंगणात खेळता येते; दुसऱ्या ठिकाणी सांगितले की नको असेल तर भांडी घासायला जावे लागते. दोन्ही संस्थांच्या कागदावर 'प्रार्थना ऐच्छिक' असेच लिहिलेले होते. (दुसरी संस्था ख्रिस्ती नव्हती, हे मुद्दाम सांगते.)

देहविक्रयाच्या वस्तीतल्या मुलांचा प्रश्न दुष्काळातल्या अनाथांहून वेगळा आहे, कारण या मुलांना आई असते आणि बहुधा ती काही गल्ल्या पलीकडेच असते. रात्री आई धंद्यावर असताना मूल कोठे झोपेल, ही तिची रोजची अडचण आहे. १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने सुरू केलेले रात्रीचे पाळणाघर याच गरजेतून आले आणि ते धर्माधारित काम नव्हते. म्हणून येथे आक्षेपाचा खरा मुद्दा मूल ख्रिस्ती होईल का, हा नसून मूल आईपासून तुटते का, हा असावा, असे माझे मत आहे. आईला भेटीचे दिवस किती, फोन करता येतो का, मुलाच्या शाळेविषयीच्या निर्णयात तिला विचारले जाते का आणि तिच्या व्यवसायाविषयी मुलाच्या कानावर काय घातले जाते, हे पाहावे. आई पापी होती आणि आम्ही तुला वाचवले, असे ऐकून वाढलेली मुले मी पाहिली आहेत. साधासवाल यांनी १९०५ विषयी जे लिहिले ते वाचताना मला तीच मुले आठवली. नैतिक शुद्धतेची ही भाषा ख्रिस्ती संस्थांची मक्तेदारी नाही.

स्त्रियांसाठी काम करणारी शाखा त्या संस्थेला असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम १९५६ च्या कलम १७ नुसार छाप्यात सोडवलेल्या स्त्रीला दंडाधिकारी चौकशीनंतर एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. सज्ञान स्त्री स्वतःच्या इच्छेने या व्यवसायात असेल आणि तिला तेथे राहायचे नसेल, तर ही सुटका तिला कैदच वाटते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा स्वेच्छेने काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना अटक करू नये, त्रास देऊ नये आणि संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडावे, असे निर्देश दिले. अल्पवयीन मुलगी किंवा फसवून, विकून आणलेली स्त्री यांची गोष्ट अर्थात वेगळी. तेथे छापा आणि सुटका आवश्यकच असते. संस्थेला हा फरक कळतो का, हे त्यांच्या पत्रकाच्या भाषेवरूनही समजते. 'इतक्या आत्म्यांची सुटका केली' असा हिशेब मांडणाऱ्यांपासून मी थोडी दूर राहते.

धर्मप्रसाराविषयी घटनेची स्थितीही टिपणात एका वाक्यात यावी. अनुच्छेद २५ धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य देतो, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात म्हटले आहे. अठरा वर्षांखालच्या, संस्थेच्या ताब्यातल्या मुलाच्या बाबतीत तर हा संयम दुपटीने पाळला जावा.

साधासवाल

फिरतीवर यांचे निकष मला मान्य आहेत आणि ते सर्वच संस्थांना लावावेत, हेही मान्य. माझी एकच भर: मूल अठरा वर्षांचे झाल्यावर काय होते ते विचारावे. बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी संस्थेतच किंवा संस्थेच्या चर्चमध्येच कामाला लागणारे किती आणि बाहेरच्या जगात आपल्या पायावर उभे राहणारे किती, यावरून कुंपण किती उंच आहे ते समजते.

फिरतीवर

चांगला प्रश्न आहे. बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहते. ज्या संस्थेकडे बाहेर पडलेल्या मुलांची अद्ययावत नोंदवही असेल, आणि त्या वहीत कामधंद्याच्या रकान्यात संस्थेबाहेरचे पत्ते असतील, तिला माझ्याकडून झुकते माप.

टिपणवही यांना भेटीसंबंधी व्यावहारिक सूचना: वार्षिक कार्यक्रमाचे निमंत्रण स्वीकारू नका, मुलांच्या आई त्यांना भेटायला येतात त्या दिवशी जाण्याची परवानगी मागा. त्या दिवशी व्हरांड्यात बसलेल्या बायकांशी कर्मचारी कसे बोलतात, अहोजाहो करतात की अगं-तुगं, हे दहा मिनिटांत दिसते. मुलांचे फोटो काढू नका आणि कोणी काढून देत असेल तर तीही एक माहितीच समजा. देणगी द्यायचे ठरलेच, तर ती कशासाठी आहे हे पत्रात लिहून द्या आणि पावतीवर तसा उल्लेख घ्या. शिवणयंत्रे, वह्या, खाऊ आणि सणाचे कपडे द्यायला सगळेच तयार असतात. रात्रपाळीच्या काळजीवाहिकेचा आणि समुपदेशकाचा पगार द्यायला फारसे कोणी पुढे येत नाही, आणि मुलांच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत जास्त अडते ते तेथेच.